नोंद नसलेला माळ

दिवाळी तोंडावर आली तरी माळावरची बाजरी उभीच होती. यंदा पावसानं भाद्रपदात असं झोडपलं, की खालच्या काळ्या रानांतल्या कपाशा गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लाल पडल्या. माळ मात्र तगला. मुरमाचं अंगच तसं. पडेल तेवढं पाणी खाली सोडून द्यायचं आणि दोन दिवसांत पायाला माती चिकटू द्यायची नाही. ज्या माळाला गाव चाळीस वर्षं हसलं, त्याच माळावर ह्या साली कणसं वीतभर भरली होती. बाजरीच्या तासांमधून तूर अशी हिरवीगार उठली होती, की वाटेनं जाणारा माणूस थांबून बघायचा आणि बघताना तोंड जरा वाकडं करायचा.

भामाबाईनं पहिली पात धरली होती. बाजरीचं पान कापतं म्हणून बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. डावा गुडघा दुमडत नव्हता, तेव्हा ती एक पाय लांब टाकून, कमरेत वाकून इळा चालवत होती. तुरीच्या झाडाला धक्का लागू नये म्हणून दर मुठीला डावा हात आडवा धरायचा, हे तिला सांगावं लागत नसे. तिच्या मागं नवरा कडुबा पेंढ्या बांधत होता. साठी ओलांडलेला माणूस, दर चार पेंढ्यांना खोकायचा. पलीकडच्या पातीला धाकटी लेक संध्या. ती विद्यापीठात इतिहासात एम. ए. करत होती. आठवड्यातले चार दिवस शहरात मैत्रिणींच्या खोलीवर, तीन दिवस घरी, माळाच्या कामाला. इळा चालवता चालवता ती ओठांतल्या ओठांत काही घोकत होती.

"काय पुटपुटू राहिली गं मघाधरनं?" भामाबाईनं विचारलं.

"अमेरिका, माय."

"ती कामून?"

"पेपर हाय तिचा. नवा देश झाला तव्हा समुद्राच्या काठाकाठानं तेराच राज्यं होती. मंग त्यायनं पश्चिमेला सरकायला सुरुवात केली."

"सरकले म्हंजी? बांध कोरला?"

"तसंच म्हण."

कडुबानं पेंढीला पीळ दिला. "आन् पलीकडलं रान पडीक होतं का?"

"नाय अण्णा. लोकं होती तिथली. पिढ्यान् पिढ्या. पर त्यायच्याकडं सातबारा नव्हता."

कडुबा हसला. हसता हसता त्याला खोकला आला आणि तो पेंढीवरच बसला.

भामाबाईनं पुन्हा पात धरली. तिला काम करताना गळा मोकळा लागायचा. सासूकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या तर होत्याच. पण नवी ओळही तिच्या तोंडी आपसूक यायची, घाम येतो तशी.

*माळाचा गं मुरूम माझ्या मामंजीनं फोडीला,*
*घामाच्या धारंखाली दाणा मोत्याचा जोडीला.*

दुसरी ओवी तोंडात येतच होती, तेवढ्यात गावचा कोतवाल कृष्णा सायकल ढकलत बांधावर आला. हातात कागदाची भेंडोळी, हँडलला खळीचा डबा. त्यानं माळाच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या नाल्यापर्यंत नजर फिरवली.

"वयनी, कुठं लावू हे? घर तर नाय इथं."

"हातात दे ना."

"हातात देयाचा हुकूम नाय. दर्शनी भागी डकवायचा हाय."

"मंग मह्या कपाळाला डकव," भामाबाई म्हणाली.

कृष्णा ओशाळून हसला. वरच्या कोपऱ्यात कडुनिंबाची झाडं होती, दोन वर्षांची, माणसाच्या डोक्याइतकी उंच. त्यांतल्या एका झाडाच्या आधारकाठीला त्यानं कागद सुतळीनं गुंडाळला, मोबाइलमध्ये फोटो काढला आणि पाणी न पिताच निघून गेला. एरवी पाणी प्यायल्याशिवाय कृष्णा जात नसे.

संध्यानं कागद वाचला. गायरानाचा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. मग ती थांबली.

"सदर जमीन मोकळी असून," तिनं वाचलं, "सौर ऊर्जा प्रकल्पासाठी देण्याचं ठरलंय. कोणाचा ताबा असंल तर पुराव्यासकट सुनावणीला या."

छातीएवढ्या बाजरीत उभी राहून भामाबाईनं विचारलं, "मोकळी म्हंजी?"



*

हा माळ कडुबाच्या बापानं, भिकाजीनं, पहारीनं फोडला होता. त्या वेळी वस्तीतल्या सहा-सात घरांनी गायरान धरलं. सरकार दर साली दंड करायचं. तलाठी यायचा, अतिक्रमण म्हणून वहीत नाव लिहायचा आणि पावती फाडायचा. लोक आधी रडले. पुढं नव्वदच्या आधीचा ताबा असलेल्यांच्या नावावर जमीन करायची ठरली, तेव्हा कळलं, की ती दंडाची पावती हाच पुरावा. शेजारच्या चतुराबाईच्या सासऱ्याला तीनदा दंड झाला होता. त्या तिन्ही पावत्या तिनं काचेच्या चौकटीत घालून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावल्या होत्या.

भिकाजीला दंड झालाच नाही. तो पाटलाच्या वाड्यावर सालदार होता. तलाठी वही घेऊन आला, तेव्हा थोरले पाटील म्हणाले, "हा आपला माणूस आहे. ह्याला दंड नको." भिकाजीनं पाटलाचे पाय धरले. घरी येऊन त्यानं गूळ वाटला. त्या दिवशी ज्या नोंदीतून सुटलो म्हणून म्हातारा हसला, ती नोंद मिळावी म्हणून पुढं कडुबानं किती अर्ज केले, किती उन्हाळे कचेरीच्या लिंबाखाली काढले. 'आम्हाला अतिक्रमणवाले म्हणून लिहा' असा अर्ज करणारा माणूस बघून एक कारकून खुर्चीवरून पडेस्तोवर हसला होता.

आता थोरले पाटील नव्हते. त्यांचा नातू बद्रीनाथ सरपंच होता, चाळिशीतला. कडुबा-भामाबाई सकाळीच त्याच्याकडं गेले. ओट्यावर चार माणसं खुर्च्यांत बसून काचेच्या पेल्यांतून चहा पीत होती. ह्या दोघांना पायरी मिळाली आणि चहा कागदी कपात आला.

"बोल कडुबा," बद्रीनाथ म्हणाला. कडुबा त्याच्या बापाच्या वयाचा होता.

"भाऊ, एक दाखला पायजे. माळ आमच्या ताब्यात हाय, तुमच्या आजोबाच्या काळापासून हाय, एवढंच लिहून द्या."

"सगळ्या गावाला माहीत हाय ते. त्याला दाखला कशाला?"

"साहेबाला माहीत नाय ना."

बद्रीनाथनं बोटातली अंगठी फिरवली. "हे बघ. गावठाणातलं काम असतं तर डोळे झाकून सही केली असती. हे देशाचं काम हाय. वरून आलंय. देशाला वीज पायजे. ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, मीच मोडता घातला तर कसं व्हायचं? आन् तू तर देशाचा माणूस. झेंडा कोणी चढवला होता?"

ओट्यावरचा एक जण हसला. कडुबाही हसला, सवयीनं. भामाबाईनं कप तसाच पायरीवर ठेवला.

झेंड्याचं तिला कोणी आठवून द्यायला नको होतं. दोन वर्षांमागं, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचा समारोप होता. शाळेपुढं चिखल झालेला. बद्रीनाथ स्वतः वस्तीत आला होता, कधी नव्हे तो, आणि म्हणाला, "औंदाचा झेंडा तुमच्या माळावर. पंचाहत्तर रोपं लावू. पोरं येतील, साहेब येतील. आन् कडुबा, दोरी तुझ्या हातात." वस्तीतल्या माणसाच्या हातात दोरी. कडुबा त्या रात्री झोपला नाही. इस्त्रीचा सदरा उशाशी घेऊन बसला.

पेरणी झालेली होती. तूर-बाजरी घोट्याएवढी आली होती. लेकरं उभी राहतील कुठं, म्हणून भामाबाईनं स्वतःच्या हातानं वरच्या अंगाचे पेरलेले वीस तास उपटले. कोवळी रोपं मुळासकट यायची, मुळाला ओला मुरूम चिकटलेला असायचा. तिनं जमीन चोपून सारखी केली, सडा घातला आणि पांढऱ्या रांगोळीनं मोठं अशोकचक्र काढलं. चोवीस आऱ्या तिनं दोनदा मोजल्या. मग शाळेच्या बाईंनी तांब्याचा कलश पुढं केला. प्रत्येक गावातून मूठभर माती दिल्लीला जाणार होती. ती माती भामाबाईच्या हातून घेतली. तेव्हा तिच्या तोंडून ओवी निघून गेली होती आणि सगळ्या बाया हसल्या होत्या.

*माती माझ्या वावराची तांब्यामंदी मी भरीली,*
*दिल्लीच्या वाटंला गं लेक सासरी धाडीली.*

रोपं लावून सगळे गेले ते गेलेच. उन्हाळ्यात कडुबानं सायकलला दोन कॅन बांधून नाल्याच्या डबक्यातून पाणी वाहिलं. देशाची झाडं आपल्या रानात मेली असं होऊ नये. पंचाहत्तरांतली एकोणसाठ जगली.

*

सुनावणीला जाताना कडुबानं तोच सदरा घातला. गंगापूरच्या रस्त्याला जीपमध्ये चौदा माणसं होती. भामाबाईच्या मांडीवर पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, लाइटबिल, भिकाजीचा मृत्यूचा दाखला, अर्जांच्या पोचपावत्या आणि तुरीची एक फांदी, फुलासकट. फांदी कशाला, असं संध्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे."

तालुक्याच्या कचेरीतले साहेब तरुण होते. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं. खुर्चीच्या अगदी कडेला, उठायच्या बेतानं, दोघं बसले. साहेबांनी सगळे कागद उलटेपालटे पाहिले, रागावले नाहीत. त्या शांतपणाचीच भामाबाईला भीती वाटली.

"अर्ज केले म्हणजे ताबा होता असं होत नाही, बाबा. एक नोंद दाखवा. दंडाची पावती, पीकपाहणी, काहीही."

"साहेब, दंड करा म्हून तर अर्ज केलेत," कडुबा म्हणाला.

साहेबांनी फाइलीतून एक रंगीत फोटो काढून टेबलावर सरकवला. फोटोच्या खाली बारीक अक्षरांत तारीख, वेळ, जागेचे आकडे छापलेले. "हा ग्रामपंचायतीनं पाठवलेला. गायरान मोकळं आहे, त्यावर वृक्षलागवड केली, गावकरी हजर होते, कोणाची हरकत नाही. हे तुम्हीच ना?"

कडुबाच होता. इस्त्रीच्या सदऱ्यात, मान वर, हातात दोरी. त्याच्या पायाशी चोपलेली, स्वच्छ, ओली जमीन. भामाबाईनं फोटो जवळ ओढला. तिनं काढलेल्या चोवीस आऱ्या स्पष्ट दिसत होत्या. तिनं उपटलेल्या तुरीचं एक पानही कुठं दिसत नव्हतं.

"ती मी उपटली साहेब," ती म्हणाली. "लेकरं उभी राहायची होती म्हून. ह्याच्या मागं बघा ना, मागं सगळी बाजरी होती."

"मागं झेंडा आणि मुलं आहेत, आजी."

तिनं पिशवीतून फांदी काढली. पिवळी फुलं जीपच्या गर्दीत चेंगरून काळवंडली होती. तिनं ती टेबलावर ठेवायला हात पुढं केला आणि टेबलाची काच बघून तिथंच थांबली.

"मला तुमचं पटतंय," साहेब हळू म्हणाले. "पण मला कागदावर चालावं लागतं. आणि हे देशाचं काम आहे."

बाहेर कडुबा लिंबाखाली येऊन बसला. मग म्हणाला, "मह्याच हातात दोरी हाय बग."

"मह्या हातानं तास उपटले," भामाबाई म्हणाली.

एवढंच. पुढं जीपमध्ये ती दोघं एकमेकांच्या अंगाला टेकून बसली आणि बाहेर बघत राहिली.

*

दिवाळी कशीबशी गेली. बाजरीची मळणी झाली. राहिलेली रास भामाबाई वाऱ्यावर उफणत होती. पालथ्या पाटीवर उभी, डोक्याच्या वर सूप, दाणे सरळ खाली आणि भुसकट वाऱ्याबरोबर तिरपं. संध्या रास झाडत होती. तिच्या अभ्यासाचे कागद दगडाखाली दाबलेले. पेपर आता आठ दिवसांवर होता.

"त्या सरकलेल्या लोकायचं काय झालं पुढं?" भामाबाईनं विचारलं. तिनं कधी आपणहून विचारलं नव्हतं.

संध्यानं कुंचा ठेवला. "देश मोठा व्हायला लागला की तिथं ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच; देश, देश. समुद्रापल्याडच्या एका सत्ताधीशानं केवढा तरी मुलूख ह्या देशाला विकून टाकला. तिथं राहणारायला कोणी विचारलं नाय. आन् एक चेरोकी म्हून लोक होते. त्यायला सांगितलं, शिकारी सोडा, आमच्यासारखी शेती करा, आमच्यासारखं ऱ्हा, मंग तुमाला कोणी हात लावणार नाय. ते ऱ्हायले तसं. घरं बांधली, नांगर धरले, शाळा काढल्या. आपल्या बोलीची अक्षरं बनवली, बातम्यांचा पेपर छापला. घटना लिहिली."

"घटना?" कडुबानं पोत्याचं तोंड सोडलं.

"व्हय अण्णा. आपली आपण."

"मंग?"

"मंग त्यायच्या जमिनी चिठ्ठ्या टाकून वाटल्या. ढोलात चिठ्ठ्या. ज्याच्या नावाची निघंल त्याचं ते रान. आतमंदी हे लोक राहतच होते, चूल पेटलेली."

"कोर्टात नाय गेले?"

"गेले. सगळ्यात वरच्या. निकाल ह्यायच्या बाजूनं लागला."

कडुबाचं तोंड उजळलं. "मंग झालं की."

"नाय झालं. सरकारनं मानलाच नाय निकाल. सहा वर्षांनी शिपाई आले, संगिनी लावून घरातून काढलं. हिवाळ्यात शेकडो कोस चालवत नेलं. चारेक हजार माणूस मेलं म्हणतात."

वारा पडला होता. भामाबाई सूप धरून तशीच पाटीवर उभी.

"शिपाई आले तव्हा पिकं उभी होती का त्यायची?"

संध्यानं आठवून बघितलं. "तसं नाय दिलेलं पुस्तकात."

"तेच तर लिहायला पायजे होतं," भामाबाई म्हणाली आणि वाऱ्याची वाट बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्या शहरात एका वकिलाला भेटून आली. वकील वस्तीतल्या चळवळीतले, ओळखीचे. म्हणाले, हायकोर्टात जाता येईल, पण हातात एक तरी सरकारी कागद हवा. ताबा घ्यायच्या दिवशी तलाठी पंचनामा करेल. त्यात उभं पीक आणि तुमचं नाव लिहून आलं पाहिजे. मोकळी जमीन असं लिहून गेलं की संपलं.

"आन् तूर कापू नका," संध्या म्हणाली. "निदान हिरवी शेंग तरी हाती लागंल म्हून बाया कापतात. उभी राहू द्या. कापली तर माळ खरंच मोकळा होईल."

त्या आठवड्यात भामाबाई रोज माळावर गेली आणि काहीच केलं नाही. फुलं झडत होती, शेंगा धरत होत्या, चपट्या, आत दाणा मुगाएवढा. हाताला सवय अशी, की ती तासातून चालली की बोटं आपसूक गवत उपटायची. उपटून झालं की ती हाताकडं बघायची आणि गवत बांधावर टाकायची.

*

ताब्याची तारीख आली ती नेमकी संध्याच्या पेपरची. सकाळी नऊ ते बारा पेपर, दहाला यंत्रं.

"मी नाय जात," संध्या म्हणाली. "पुढच्या खेपेला देईन पेपर."

"जायचं," भामाबाई म्हणाली.

"माय, तिथं कोण बोलंल? अण्णा नुसतं हात जोडतील."

"मी हाय ना. तू तुहं लिही. मी मपलं लिहून घेते."

पहिल्या एस.टी.ला संध्याला बसवून दोघं माळावर आली. थंडी होती. तुरीवर दव होतं आणि मधमाश्या अजून उठल्या नव्हत्या. चतुराबाई आणि वस्तीतल्या तीन-चार बाया येऊन बांधावर बसल्या. चतुराबाईनं तंबाखू मळून पुढं केली, भामाबाईनं घेतली.

दहाला पोलिसांची गाडी आली, मागं दोन जेसीबी, त्यामागं बद्रीनाथची जीप. शेवटी स्कूटीवर तलाठी मॅडम, अंगावर स्वेटर, गळ्यात ओळखपत्र. सुनावणीचे साहेब पोलिसांच्या गाडीतून उतरले नाहीत. आत बसून फोनवर बोलत होते.

यंत्र आधी वरच्या कोपऱ्याला गेलं. कडुबा पुढं झाला.

"तिकडं झाडं हायती," तो ड्रायव्हरला म्हणाला. "सरकारची हायती. झेंड्याची."

"सगळंच काढायचंय, काका."

पहिलं झाड पंज्यात आलं तेव्हा वाकलं, आणि मग मुळासकट उचललं गेलं. मुळं लांब होती. दोन उन्हाळ्यांच्या पाण्यानं ती मुरमात खोल गेली होती. कडुबानं बद्रीनाथकडं बघितलं. बद्रीनाथ मोबाइलमध्ये बघत होता. कडुबा मागं येऊन बांधावर बसला आणि त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. झाडं एकामागून एक निघाली. तो मोजत होता की काय कोण जाणे. ओठ हलत नव्हते.

भामाबाई तलाठी मॅडमपाशी गेली. मॅडमच्या हातात लाकडी फळी, फळीला चिमट्यानं लावलेला कागद. कागद छापूनच आणलेला.

"काय लिहिलंय मॅडम?"

"पंचनामा आहे. तुम्ही बाजूला व्हा, मावशी."

"वाचा ना."

"सदर जमीन मोकळी असून..."

"मोकळी नाय ती." भामाबाई वाकली, तुरीची एक फांदी मोडली आणि फळीवरच्या कागदावर आडवी ठेवली. दवाचे दोन थेंब छापील अक्षरांवर पसरले. "हे काय हाय?"

"मावशी, कागद भिजेल."

"काय हाय सांगा."

"तूर."

"मंग लिहा."

बद्रीनाथ जवळ आला. "भामाबाई, कामात आडवं येऊ नको. मॅडम, तुम्ही सह्या घ्या. मी आहे पंच."

"सरपंच, मी तुमाला काय नाय म्हणू राहिले," भामाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "यंत्र चालवा. मी आडवी पडत नाय, दगड मारत नाय. चाळीस वर्षं आमाला कोणी लिहिलं नाय. आज शेवटलं लिहा. तूर उभी होती, शेंगा धरल्या होत्या, आन् ती कोणाची होती. मंग घ्या."

मॅडमनं गाडीकडं पाहिलं. साहेब अजून फोनवर होते. तिनं फांदी उचलली, शेंग बोटांनी दाबून पाहिली. शेतकऱ्याचीच लेक असावी. शेंग दाबायची ती रीत शिकवून येत नाही.

"तुमचा नवरा काय नाव?"

"कडुबा भिकाजी पगारे."

मॅडमनं छापील ओळीच्या वर, समासात, बारीक अक्षरांत लिहायला घेतलं. बद्रीनाथ काही म्हणाला. तिनं मान वर केली नाही. पेन थंडीनं नीट चालत नव्हतं, तिनं ते दोनदा झटकलं. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवलं, अगदी हळू, जणू दोघींतलंच.

"गटाच्या पूर्वेकडील अंदाजे चार एकर क्षेत्रात तूर पीक उभे आहे, शेंगा धरलेल्या स्थितीत. अतिक्रमणधारक कडुबा भिकाजी पगारे."

"पुन्हा एकदा," भामाबाई म्हणाली.

मॅडमनं पुन्हा वाचलं.

"ह्याची नक्कल?"

"कचेरीत अर्ज करा. मिळेल." थोडं थांबून मॅडम म्हणाली, "मिळायला पाहिजे." तिनं कागद फायलीत घातला, फाइल पिशवीत, पिशवी स्कूटीच्या डिकीत. कुलूप फिरलेलं भामाबाईला ऐकू आलं.

यंत्र वरून वळलं आणि तुरीच्या पहिल्या तासात उतरलं. ऊन वर आलं होतं, मधमाश्या नुकत्याच फुलांवर आलेल्या. त्या घोळक्यानं उठल्या आणि कुठं जावं न कळून तिथंच वर घोंघावत राहिल्या. बांधावरच्या बायांपैकी एकीनं पदर तोंडावर घेतला. कडुबा उठला, धडपडत भामाबाईजवळ आला आणि त्यानं तिच्या दंडाला धरलं.

"चल घरी. नको बघू."

तिनं हात वर करून त्याला गप्प केलं. तिला वाचता येत नव्हतं, मोबाइल नव्हता. संध्या पेपर देऊन संध्याकाळी येईल, तेव्हा तिला सांगायचं होतं. एक शब्द इकडचा तिकडं होऊन चालणार नव्हतं. माळाकडं तोंड करून, डोळे मिटून, जात्यावर बसल्यासारखी किंचित मागंपुढं डोलत ती म्हणत होती, पूर्वेकडील अंदाजे चार एकर, तूर पीक उभे आहे, शेंगा धरलेल्या स्थितीत. तूर पीक उभे आहे, शेंगा धरलेल्या स्थितीत.